मामाच्या हातात माईक

न्हावरे, ता. शिरूर
२ डिसेंबर २०२४

सुवर्णास,

पत्राला आशीर्वादानं सुरुवात करायची असते, म्हणून अनेक आशीर्वाद. ते मनापासून आहेत असं समजू नकोस.

तुझा नंबर मी बंद करून टाकला आहे. फोन केला की माझा भाऊ उचलतो, ‘काय गं आक्का’ म्हणतो आणि मी बोलत असतानाच ठेवून देतो. त्याच्या मागं तू उभी असतेस हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. यापुढं जे काय असेल ते कागदावर. मी गावची सरपंच होते. बोललेलं माणूस फिरवतं, लिहिलेलं फिरवता येत नाही, एवढं त्या खुर्चीत शिकले.

आईच्या दहाव्याला नदीवर जे झालं ते सगळ्या भावकीनं पाहिलं. कावळा शिवत नव्हता. आपण सगळे हात जोडून उभे. मी म्हणाले, ‘आये, बाळासोची काळजी करू नगं, मी हाय.’ थोरल्या चुलत्यांनी नातवाच्या नोकरीचं बोलून पाहिलं. कावळे बाभळीवर बसून होते. आणि तुझा नवरा, माझा सख्खा भाऊ, पुढं गेला, पिंडावरची जिलेबी उचलली आणि उभ्याउभ्या खाल्ली. मी हात धरला तर म्हणाला, ‘भूक लागलीया. कावळा खाईना तर मी खातो.’ आणि हसला. आईच्या पिंडापुढं हसला.

बाळासो कोण, हे तुला सांगायला नको. लग्नात माईक धरायला त्याला लोक गाडी पाठवून नेत. फेटा आधी कुणाला बांधायचा, कुठला मामा कशावरून रुसलाय, त्याला काय बोलून पंगतीला बसवायचं, हे त्याच्याइतकं कळणारा माणूस दौंड-शिरूरमध्ये नव्हता. असा माणूस पिंडावरचं खातो तो घरात मिळत नसलं तरच खातो. आई पण शेवटची दोन वर्षं येईल त्याला सांगायची, ‘मला जेवू घालत न्हाईत.’ मला तेव्हा ते सासू-सुनेचं वाटलं. आता मायलेक दोघांचं तोंड एकच बोलतंय.

शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं. आई अतृप्त गेली, आणि त्याचं कारण तुझ्या स्वयंपाकघरात आहे. माझ्या भावाला तू काय घालतेस, किंवा काय घालत नाहीस, ते लिहून कळव.

सरूबाई


वरवंड, ता. दौंड
११ डिसेंबर २०२४

आक्का,

तुम्ही रीत म्हणून आशीर्वाद दिलात, मी रीत म्हणून नमस्कार करते. फिटंफाट झाली.

यांना मी उपाशी ठेवत नाही. कपाटाला कुलूप लावते, ते हौस म्हणून नाही. साखरेचा डबा उघडा राहिला की हे चमच्यानं संपवतात. शेजारच्या भागुबाईंच्या तव्यावरची भाकरी उचलून आणतात. पोट भरलं हे पोटाकडून डोक्याला कळतच नाही. आईंचंही तसंच होतं. जेवून हात धुतला की त्या ओट्यावर जाऊन सांगत, सुनेनं जेवू घातलं नाही. तुम्ही तेव्हा ऐकून घेतलंत, एकदाही थांबून त्यांच्या ताटात बघितलं नाहीत.

तुम्हाला आत्ता दहाव्याला दिसलं. मला तीन वर्षं दिसतंय. भागुबाईंचा नवरा अपघातात गेला तेव्हा हे भेटायला गेले आणि तिला विचारलं, ‘गाडी इकायची का, मला टायर पायजेत.’ ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला दुखवलं नाही तो माणूस. मी घरी आणून रागवले तर म्हणाले, ‘टायर चांगलं हायेत.’ मी किती भांडले तेव्हा यांच्याशी. मला वाटलं माणूस माजला.

पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डोक्याचा फोटो काढला. कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग आक्रसत चाललाय. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं, की मेंदूतल्या वेगवेगळ्या जागा एकमेकींशी सारख्या बोलत असतात, त्यांची जाळी असतात. एक जाळं आठवणींचं. एक जाळं असं, की समोर घडतंय त्यातलं महत्त्वाचं काय ते ते उचलतं. कुणाचा चेहरा उतरला, कुठं गप्प बसायचं, आपल्या बोलण्यानं दुसऱ्याला काय वाटेल. यांचं ते दुसरं जाळं उसवतंय. आठवणीचं अजून धड आहे. म्हणून नावं सगळी आठवतात आणि माणसं कळत नाहीत.

तुम्हाला शेतकऱ्याच्या भाषेत सांगते. तीनमधला एक फेज गेला की घरात दिवे लागतात, पण विहिरीवरची मोटार चालत नाही. रस्त्यावरून जाणारा दिवे बघून म्हणतो, लाईट आहे की.

डॉक्टरीणबाईंनी यांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. भ्यालेली बाई यांना ‘हसतीया’ वाटली. मग एक गोष्ट सांगितली. नव्या सुनेनं खीर केली, चुलतसासरे पहिला घोट घेऊन म्हणाले, ‘आचाऱ्याला पैसे दिले असतील तर परत घ्या,’ आणि मग त्यांना कळलं की खीर तिनंच केलीये. या गोष्टीत कोण चुकीचं बोललं? आक्का, ज्या माणसानं लोकांच्या घरची असली शंभर भांडणं मिटवली, तो म्हणाला, ‘कुणीच न्हाई. खीर वाईट आसंल.’ मी तिथं डॉक्टरांसमोर रडले. हे म्हणाले, ‘खाली कँटीन हाय का?’

हा आजार आहे. करणी नाही, उपासमार नाही.

सुवर्णा


न्हावरे
२४ डिसेंबर २०२४

सुवर्णास,

पत्र मिळालं. फेजचं वाचून आमचे हौसराव हसले. म्हणाले, तुझी भावजय वायरमन झाली.

मेंदू आक्रसलेल्या माणसाला सगळ्यांची नावं कशी आठवतात? आमच्या गावातली म्हाळूची आई विसरभोळी झाली, तिला पोटचा मुलगा ओळखू येत नाही. त्याला आजार म्हणतात. बाळासोला दहाव्याला आलेल्या एकूण एक पाहुण्याचं नाव, गाव, आजोळ माहीत होतं. माणूस शुद्धीत असून असा वागतो तेव्हा तो कुणाच्या तरी शिकवणीनं वागतो. मला माहेरचं तोंड दिसू नये हे तुझ्या मनात लग्न होऊन आलीस तेव्हापासूनचं. आई होती तोवर जमलं नाही. आई गेली आणि भाऊ वेडा झाला. बरं जमवलंस.

आता नीट वाच. आमच्या तेजश्रीचं जमलं आहे. मुलगा काष्टीचा, रांजणगावला कंपनीत इंजिनियर, घरचा ऊस. फेब्रुवारीत लग्न. तिला एकच मामा आहे. नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, अंतरपाटाच्या वेळी पाठीशी मामा उभा राहतो. ते काम चुलत्या-मालत्यानं करायचं असेल तर माझ्या माहेराला आग लागली असं लोकांनी समजावं. बाळासो चार दिवस आधी आला पाहिजे. तू आलीस तर ये, नाही आलीस तर जेवणाचं एक पान वाचेल.

सरूबाई


वरवंड
२० जानेवारी २०२५

आक्का,

उशिरा लिहिते आहे. संक्रांतीच्या आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे जावं लागलं.

तेजूचं जमलं, आनंद झाला. हे खोटं नाही. तिला लहानपणी उन्हाळ्यात आमच्याकडे ठेवत होतात, तिची वेणी मीच घालायचे, तुम्हाला आवडत नव्हतं तरी.

यांना मी लग्नाला पाठवणार नाही. मी येते, दत्ता येतो, मामाचा सगळा आहेर येईल, मुंडावळ्यांपासून पैठणीपर्यंत. मामा म्हणून दत्ता मागं उभा राहील, मामाचा मुलगा म्हणजे मामाचंच रक्त. पण यांना चारचौघांत नेऊ नका. यांच्या पोटात आता काही राहत नाही. जे ठाऊक आहे ते तोंडातून निघतं, समोर कोण आहे ते बघून थांबत नाही.

तुम्ही विचाराल, असं काय ठाऊक आहे? एक गोष्ट आहे. ती मी लिहिणार नाही, कारण लिहिलेलं फिरवता येत नाही असं तुम्हीच मला शिकवलंत. झाकली मूठ झाकलेली राहू द्या. लग्न पार पडल्यावर मी स्वतः येऊन तुम्हाला एकटीला सांगेन. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही, तो तुम्ही कधी ठेवला नाहीत. तेजूच्या भल्यासाठी एवढं ऐका.

सुवर्णा


न्हावरे
८ फेब्रुवारी २०२५

सुवर्णास,

परवा सकाळी हौसराव जीप घेऊन वरवंडला आले तेव्हा तू मळ्यात शेवंती तोडत होतीस. बाळासो ओट्यावर होता. हौसराव म्हणाले, ‘पाव्हणं, चला, तेजूच्या लग्नाला,’ आणि तो चप्पल न घालता जीपमध्ये येऊन बसला. ओढून आणला असं गावात सांगू नकोस.

इथं येऊन त्याचं काही बिघडलेलं नाही. चार माणसांत बसतो, पोटभर जेवतो. पोटभर म्हणजे किती ते मी बघितलं, तुझ्याकडं काय मिळत असेल ते त्यावरून कळलं. माझ्या जावेला तोंडावर म्हणाला, ‘नकुशी, लई सुटलीस की गं.’ ती रुसून आत गेली, आम्ही बाकीचे हसलो. खोटं काय बोलला? काल मी आईच्या आठवणीनं डोळे पुसत होते तर त्यानं माझ्याकडं बघून टीव्हीचा आवाज वाढवला. पुरुष माणूस, रडणं सोसत नसेल.

तुझी ती झाकली मूठ मला कळली. आमच्या भावाकडून काही वदवून घेऊन आम्हाला भीती घालायची. मी पंचायतीत असले डाव पुष्कळ बघितले आहेत. नाचता येईना, अंगण वाकडं.

लग्न तेरा तारखेला.

सरूबाई


वरवंड
१० फेब्रुवारी २०२५

आक्का,

हे पत्र दत्ता घेऊन येतोय. त्याच्या वडिलांना त्याच्याबरोबर परत पाठवा. हे येणार नाहीत, तुमच्याकडे गोड मिळतंय, पण दत्तानं हात धरला की उठतात.

ते जमणार नसेल तर एवढं तरी करा. मी आले तर तुम्ही आणखी हट्टाला पेटाल, म्हणून मी येत नाही. मांडवात दत्ता यांच्या शेजारी बसेल, त्याला बसू द्या. आणि माईक यांच्या हातात देऊ नका. काही झालं तरी देऊ नका. माईक हातात आला की हे जुन्या सवयीनं उभे राहतात, आणि मग बोलतात ते नवं असतं.

मी पाया पडून सांगते. आजवर पडले ते रीत म्हणून, या एकदा मनापासून.

सुवर्णा


न्हावरे
१६ फेब्रुवारी २०२५

सुवर्णा,

तुझ्या मनासारखं झालं. वाच आणि समाधान करून घे.

दत्ताला मी मांडवात बसू दिलं नाही. तो बाहेर गाड्यांपाशी उभा होता. माईक मीच दिला. हे लिहून ठेवते, उद्या तू फिरवशील म्हणून. मुहूर्त झाला होता, पुढारी यायचे होते, त्यांची गाडी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून निरोप. तू असली लग्नं पाहिली आहेस, पुढारी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत आणि तोवर लोकांना बोलण्यात गुंतवावं लागतं. माईकवाला चहाला गेलेला. पाहुणे चुळबुळ करायला लागले. बाळासो पहिल्या रांगेत फेटा बांधून कसा शोभत होता. मला वाटलं, हा उभा राहिला तर मांडव गप्प होईल. आणि आईच्या दहाव्यापासून लोक जे बोलत होते त्यांची तोंडं बंद होतील.

तो उभा राहिला आणि खरंच मांडव गप्प झाला. तोच आवाज. काष्टीच्या पाहुण्यांची एकेकाची नावं घेतली, आजोळ-पाजोळासकट. मला भरून आलं. मग म्हणाला, आणि मला शब्द न् शब्द पाठ आहे:

‘आता मामा म्हणून दोन शबुद. आमची तेजू लई गुणाची. आमच्या आईला डोक्याचा आजार व्हता, मला बी त्योच हाय. डॉक्टरीण म्हन्ली, रक्तातून येतोय. आक्काला बी आसंल. आक्काला आसंल तर तेजूला यायचा, मंग तिच्या पोरांला. पाव्हण्यांनी ध्यानात घ्यावं. आता किरपा करून आक्षता हातात घ्या.’

कुणी घेतल्या नाहीत. नवऱ्याचे वडील रखमाजी उठले. शांत माणूस. म्हणाले, ‘ताई, हे खरं हाय का?’ मी म्हणाले, माझा भाऊ वेडा आहे. ते म्हणाले, ‘त्येच तर इचारतोय.’ वऱ्हाड परत गेलं. ज्यांच्यासाठी थांबलो ते पुढारी त्यानंतर आले, घाईत होते, माईकवरून नवरा-नवरीला शुभाशीर्वाद दिले आणि निघून गेले. त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

बाळासो मोकळ्या पंगतीत एकटा जेवत बसला होता. मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘आक्का, मठ्ठा दे.’

तेजू खोलीतून बाहेर येत नाही. ती शेवटचं बोलली ते हे, की ‘मामीनं सांगितलं व्हतं ना तुला?’ हे तू तिच्या डोक्यात भरवलंस. त्याच्या तोंडात घातलंस तेही तूच. आई वेडी होती असं भरल्या मांडवात म्हणवून घेतलंस. मेलेल्या माणसाला तरी सोडायचंस. तुझं कधी भलं होणार नाही.

सरूबाई


वरवंड
२२ फेब्रुवारी २०२५

आक्का,

मी शिकवलेलं नाही. हे खरं आहे.

संक्रांतीच्या वेळी रक्ताचा रिपोर्ट आला. वंशातून येणारा एक बिघाड यांच्या रक्तात सापडला. डॉक्टरीणबाईंनी आईंचं सगळं विचारून घेतलं. दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, चारचौघांत लुगडं सोडणं, सख्ख्या बहिणीच्या मयताला न रडणं. म्हणाल्या, बहुतेक त्यांनाही हाच होता. आपण सगळे म्हातारचळ म्हणालो. तुम्ही माझा छळ म्हणालात. हे सगळं बोलणं यांच्यासमोर झालं. माणसासमोर बोलल्याशिवाय कसं चालेल? आणि आठवण शाबूत आहे हे मी तुम्हाला डिसेंबरात लिहिलं होतं, तुम्ही वायरमन म्हणून हसलात.

आईला असला की प्रत्येक लेकराच्या वाट्याला छापा-काटा. तुमच्या वाट्याला काय आलंय ते कुणाला माहीत नाही. तेजूचं जमलेलं असताना हे मी कागदावर कशी लिहिणार? पत्र तुमच्या घरात चारजण वाचतात. मी तोंड बंद ठेवलं ते तेजूसाठी, तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी ठेवलं असं समजून उपकार मानू नका.

आता उपाय एकच आहे. तेजूनं तपासायची गरज नाही. तुमच्या रक्तात नसेल तर तिच्यात येऊच शकत नाही, इतकं सरळ आहे. तुम्ही जाऊन रक्त द्या. डॉक्टरांचा पत्ता पाठीमागं लिहिलाय. रखमाजी रिपोर्ट मागतायत, लग्न मोडलंय असं अजून म्हणालेले नाहीत.

आणखी एक. रिपोर्ट आल्यापासून तुमची पत्रं मी दोन-दोनदा वाचते. उपाशी ठेवलं, वदवून घेतलं, माहेर तोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की सुरुवात कधीकधी अशीच होते, माणूस कठोर होतो, दुसऱ्याचं दुखणं त्याला दिसेनासं होतं. मला वाटायचं, आक्कांना सुरू झालं का? तेवढ्यावर मी तुमचं लिहिणं सोसलं. आजारी माणसाचा राग धरत नाहीत.

सुवर्णा


न्हावरे
२१ एप्रिल २०२५

सुवर्णास,

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी ते चुलीत घातलं, पत्ता आधी उतरवून घेतला.

मी रक्त दिलं. जायला महिना लावला. त्या बाईनं आधी समोर बसवून विचारलं, ‘कळून घ्यायची तयारी आहे का?’ मी म्हणाले, माझ्यासाठी असतं तर आले नसते. त्यानंतर रिपोर्ट येईपर्यंत मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी वाटायचं, सुरू झालं. रस्त्यात कुणी रडताना दिसलं की थांबून बघायची, मला काही होतंय का. झालं की बरं वाटायचं.

मागच्या आठवड्यात रिपोर्ट आला. माझ्यात तो दोष नाही. तेजूला धोका नाही. रखमाजी स्वतः येऊन गेले. तेजूनं होय सांगितलं, मला न विचारता. मांडव नाही, पुढारी नाही, देवळापुढं दोन्हीकडची घरची माणसं. मामा म्हणून पाठीशी बाळासोच उभा राहील, हेही तिनंच त्यांच्यासमोर सांगितलं. रखमाजी म्हणाले, ‘राहू द्या की. आता लपवायला काय उरलंय?’

आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी रिपोर्ट हातात घेऊन ओसरीवर बसले होते. हौसराव चष्मा पुसत म्हणाले, ‘म्हंजी ती पत्रं तूच लिवलीस म्हनायची. आजारानं न्हाई.’

त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. पण त्यांचं बरोबर आहे. जे लिहिलं ते मी शुद्धीत लिहिलं. सुंभ धड आहे आणि पीळ त्याचाच आहे. माफी मागत नाही. तू देणार नाहीस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही दिली नसती.

पेढ्यांचा बॉक्स आणला होता. तेजू म्हणाली, ‘दत्तादादाचं काय?’ बॉक्स तसाच कपाटात आहे. मला हे आधी सुचलं नाही. तिला सुचलं.

मी दर सोमवारी वरवंडला येऊन दिवसभर बाळासोजवळ बसत जाईन. तू मळ्यात जा, झोप, काय करायचं ते कर. आपण दोघींनी बोललंच पाहिजे असं काही नाही.

सरूबाई


वरवंड
२८ एप्रिल २०२५

आक्का,

तेजूचं ऐकून सुटल्यासारखं झालं. तिला माझा आशीर्वाद सांगा, तो रीत म्हणून नाही.

सोमवारी या. हे तुम्हाला ओळखतील, नाव घेतील, बसायला सतरंजी टाकतील. तुम्ही रडलात तर विचारतील, जेवायला काय आहे. त्यांच्या थोबाडीत मारू नका, त्यांना कळत नाही, दुखतं मात्र. साखरेचा डबा पिठाच्या मागं आहे. किल्ली माझ्याकडे मागा, त्यांच्यासमोर नको.

तुम्ही बोलायचं नाही म्हणालात, ते मला मान्य आहे. तुमची पत्रं शुद्धीत लिहिलेली होती हे कळल्यापासून माझा राग पुन्हा जागेवर आलाय. तो राहू द्या. आजाराच्या नावावर माफ करण्यापेक्षा मला तो बरा वाटतो.

दत्ता रक्त तपासायला नाही म्हणतो. म्हणतो, ‘कळून काय करू, आये? कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट तर चुकत न्हाई.’ त्याच्यासाठी स्थळ आलं होतं, त्यानं स्वतःच परत पाठवलं. तुम्ही याल तेव्हा त्याच्याकडे निरखून बघू नका. मागच्या आठवड्यात भागुबाई नवऱ्याची आठवण काढून रडत होत्या आणि तो मोबाईलवर काहीतरी बघून हसला. मी हातातलं काम टाकून त्याच्या मागं गेले, मोबाईल हिसकावून बघितला. विनोदच होता. साधा विनोद. पोरानं मला काही विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी कशाला आले होते ते त्याला कळलं होतं. त्याला कळलं, याचाच मला आनंद झाला, आक्का.

सुवर्णा